कोऱ्या गाडग्याबद्दल

कीरिया,

तुमच्या भाषेत बाईमाणसाला आदराने अशी हाक मारतात, एवढं तरी मी ग्रीसमधल्या तुमच्या सिफ्नोस बेटावर शिकून आले. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण या उघड्या पत्रात ते लिहीत नाही. आर्तेमोनास गावच्या उतरत्या गल्लीत चार टेबलांची खानावळ चालवणाऱ्या तुम्ही, आणि सांगलीहून आलेल्या, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माझ्या आईला ज्यांनी जेवू घातलं त्या तुम्ही. तुमचा भाचा हे फोनवर भाषांतर करून तुम्हाला वाचून दाखवीलच. जे त्याला जमणार नाही ते तुम्हाला तसंही कळेल, कारण आपलं बोलणं शब्दांवाचूनच झालं होतं.

पत्र लिहायला उशीर झाला. दोनदा बसले, दोन्ही वेळा डोळे भरून आले आणि तसंच ठेवून दिलं.

२०२४ चा सप्टेंबर. घरचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आम्ही दोघी निघालो. आईचं वय ७१. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच कुठे लांब निघाली होती. आधी एका यात्रा कंपनीबरोबर अथेन्स आणि सांतोरिनी, मग आम्हा दोघींचे आमचे चार दिवस सिफ्नोसवर. पैसे भरताना मी कंपनीला तीनदा विचारलं होतं, की आई माळकरी आहे, चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही, जमेल ना? "शुद्ध शाकाहारी, काळजीच करू नका," असं लेखी मिळालं होतं. प्रत्यक्षात पहिल्या रात्री पानात काकडी-टोमॅटो आणि बटाट्याचे तळलेले काप. दुसऱ्या दिवशी भाताबरोबर कोंबडी. मी तक्रार केली तर आमचा टूर मॅनेजर, मराठीच मुलगा, आईला म्हणाला, "काकू, तुकडे बाजूला करून खा ना." आई काही बोलली नाही. ताट हळूच पुढे सरकवलं आणि पाणी प्यायली. तेव्हापासून पाव, केळी आणि घरून आणलेले दाण्याचे लाडू. चौथ्या दिवशी सांतोरिनीच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मी उगाच आले गं, तुला ओझं." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. त्या मुलाला मी माफ करीन कधीतरी. त्या लेखी आश्वासनावर सही करणाऱ्यांना मात्र नाही.

सिफ्नोस मी निवडलं होतं ते एका पदार्थासाठी. तुमच्या बेटावर शनिवारी संध्याकाळी काबुली हरभरे मातीच्या झाकणीच्या भांड्यात भरतात, भांडं लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रात्रभर मंद आचेवर शिजलेलं ते रविवारी चर्चहून आल्यावर खातात, असं माझ्या वाचनात आलं होतं. रेविथादा. हरभरे, ऑलिव्हचं तेल, पाणी, तमालपत्राच्या जातीचं एखादं पान, वरून लिंबू. रविवारी आई पोटभर जेवेल, एवढ्या आशेवर मी चार दिवस बुकिंग करून बसले होते. त्यात कांदाही पुष्कळ असतो, हे मी वाचलंच नव्हतं.

शनिवारी, १४ तारखेला, भाद्रपद शुद्ध एकादशी होती. आईचा उपास. सकाळी तुमच्या गल्लीच्या पायऱ्या चढताना तुम्ही चर्चमधून परत येताना दिसलात, हातात हिरवी काडी. आईच्या नाकाला वास आधी लागला. ती जागीच थांबली. "तुळस गं!" तुमच्याकडे तो क्रुसाचा सण. क्रूस जिथे सापडला तिथे हे रोप उगवलेलं होतं अशी तुमची कथा, म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात वासिलिकोस देतात. आमच्या तुळशीचीच ती जातभगिनी, आपल्या सब्जाच्या घरातली. आईने माळेला हात लावून तुम्हाला दाखवलं. तुम्ही माळ पाहिली, काडी पाहिली आणि अर्धी मोडून तिच्या ओंजळीत ठेवलीत. तुमचाही त्या दिवशी उपास होता हे मागाहून तुमच्या भाच्याने सांगितलं. दोन बायका, दोन देव, एकच तारीख.

मग मी फोनवर लिहून तुम्हाला दाखवलं, की आई मांस, मासे, अंडी खात नाही, कांदा-लसूणही नाही, उद्या तिचा उपास सुटायचा आहे, तुमच्या हरभऱ्यातलं तिला काही चालेल का. तुम्ही दोनदा वाचलंत आणि "ने, ने" म्हणालात. आईचा चेहरा पडला. तिला ते आपलं 'नाही' वाटलं. तुमचं 'ने' म्हणजे हो, हे मी सांगेपर्यंत तुम्ही आत निघूनही गेला होतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

तुम्ही बाहेर आलात ते एक छोटं गाडगं घेऊन. गोल पोटाचं, झाकणीचं, विटकरी रंगाचं. माझ्या मनात जे आलं तेच आईच्याही मनात आलं असणार, की यात आधी काय काय शिजलं असेल? तुमच्या बेटावर ईस्टरला कोकराचं मटण शेपू आणि वाइन घालून मातीच्या भांड्यात भट्टीत लावतात. त्याचं भांडं निराळं असतं, पण तेव्हा आम्हाला ते कुठे माहीत! आई तोंडाने काही बोलली नाही. पाहुणी होती ती. फक्त गाडग्याकडे बघत राहिली. कीरिया, तुम्ही ती नजर वाचलीत. मी फोन काढेपर्यंतसुद्धा थांबला नाहीत. झाकणी काढलीत, आईचा उजवा हात मनगटाला धरलात आणि तिची बोटं गाडग्याच्या आत घातलीत.

तिने बोटं बाहेर काढली तर त्यांना कोरडी लाल माती लागलेली. तिने वास घेतला. "कोरं आहे," ती म्हणाली. "अगं, याला पाणीसुद्धा लागलेलं नाही अजून." आणि तुमच्या गालाला हात लावून तिने कानशिलावर बोटं मोडली. तुम्हाला त्याचा अर्थ कळला नसेल. आमच्याकडे लेकीची, सुनेची, नातवंडांची दृष्ट काढतात ती अशी.

तुम्हाला मोठ्या भांड्यातूनच चार पळ्या काढून देता आल्या असत्या. कांदा बाजूला करून द्या म्हटलं असतं तर मीही होच म्हणाले असते, इतकी मी तोवर थकले होते. तुम्ही आईसाठी वेगळं गाडगं काढलंत, ते भिजत घातलंत आणि कांद्यावाचूनचे हरभरे त्यात वेगळे भरलेत. भाचा सांगत होता, त्याच्या आठवणीत मावशीने बिनकांद्याचा रेविथादा कधीच केला नव्हता. तिच्या मते ते मीठ विसरल्यासारखंच. तरी तुम्ही केलात.

रविवारी दुपारी गाडगं टेबलावर आलं. झाकणी काढली आणि वाफ आईच्या चष्म्यावर बसली. हरभरे इतके मऊ, की चमच्याच्या टोकाने लोणी व्हावं, आणि वर तेलाचा सोनेरी तवंग. आईने ताटलीत वाढून घेतलं, आदल्या दिवशीच्या काडीचं एक पान खुडून वर ठेवलं, डोळे मिटले. तुळशीपत्राशिवाय तिचा नैवेद्य होत नाही. तुम्ही दारात उभ्या होतात. पलीकडच्या टेबलावरचा माणूस हाक मारत होता, त्याला तुम्ही हातानेच थांबवलंत. आईचे डोळे उघडेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. द्वादशीचं पारणं सुटलं ते असं, एजियन समुद्रातल्या एका बेटावर. आई तीनदा वाढून घेऊन जेवली. मी बाकीचं सगळं खाल्लं, हरभऱ्याचे वडे, उन्हात वाळवलेल्या केपरची भाजी, वाइनच्या गाळात मुरवलेलं मानुरा चीज, मधाची मेलोपिता. छान होतं सगळं. लक्ष मात्र आईच्या ताटलीकडेच होतं.

जेवल्यावर तिच्या पायात बळ आलं. जी बाई हॉटेलच्या जिन्याला घाबरत होती, ती माझ्याबरोबर कास्त्रोला आली, समुद्रावरच्या कड्यावर वसलेल्या तुमच्या जुन्या राजधानीत. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही घरांना लागतील. खाली लाटांमध्ये घुसलेल्या खडकावर सात हुतात्म्यांचं पांढरंशुभ्र देऊळ. आई वरच्या कठड्यावर बसून ते अर्धा तास पाहत राहिली. सोमवारी आम्ही ख्रिसोपिगीच्या मठात गेलो. तो १६५० चा. चाच्यांनी पाठलाग केलेल्या बायकांनी तिथे धावा केला तेव्हा खडक दुभंगला आणि त्या वाचल्या, ही गोष्ट मी आईला सांगितली. ती म्हणाली, सीतेसाठीही भुई दुभंगली होती, पण इथल्या बायका घरी परत गेल्या, ते बरं झालं.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय, की एके काळी सिफ्नोसचे लोक सगळ्या बेटवाल्यांत श्रीमंत होते. सोन्या-चांदीच्या खाणी होत्या आणि दरवर्षीचं उत्पन्न ते आपसात वाटून घेत. त्यातूनच त्यांनी डेल्फीच्या देवस्थानात संगमरवरी कोषागार बांधलं. पुढे खाणी समुद्राच्या पाण्यात गेल्या. बेटावर माती उरली, आणि तिची भांडी तुमचे कुंभार अजून घडवतात. वाथीच्या किनाऱ्यावर आम्ही एका कुंभाराच्या चाकाशी थांबलो तेव्हा आई त्याच्याशी मराठीतच बोलत होती, आणि तो मान डोलवत होता.

तुमच्या बेटावर वाटून खाण्याची रीत अजून आहे, हे भाच्याकडून कळलं. उत्सवाचा यजमान वर्षभर देवाची तसबीर घरी सांभाळतो आणि सणाच्या दिवशी येईल त्याला जेवू घालतो. कोण कुठला, ते विचारत नाहीत. आमच्या वारीच्या वाटेवर गावोगावी असंच होतं. दारात उभ्या असलेल्या माणसाला काय चालतं, काय चालत नाही, हे आधी पाहायचं आणि मग वाढायचं, हे ज्या घरात शिकवतात तिथल्या बाईला हॉटेल चालवण्याचं वेगळं शिक्षण लागत नाही. आम्हाला ज्यांनी फसवलं त्यांच्याकडे छापील मेनू होते, गणवेश होते, पंचतारांकित फोटो होते. आईच्या मनगटाला मात्र त्यांच्यापैकी कुणी हात लावला नाही.

माझ्यामागून तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रीसमध्ये 'शाकाहारी' म्हणून भागलं नाही तर 'निस्तीसिमो' म्हणा, म्हणजे उपासाचं. मांस, अंडी, दूध आपोआप गळतं. पण त्यांच्या उपासाला ऑक्टोपस आणि शिंपले चालतात, तेवढं स्पष्ट विचारून घ्या. आणि सिफ्नोसला गेलात तर रविवार गाठा.

कीरिया, निघताना तुम्ही ते गाडगं टॉवेलात गुंडाळून आईच्या हातात दिलंत. पैसे पुढे केले तर मान मागे टाकून 'त्स' असा आवाज काढलात. ते तुमचं 'नाही', हे तोवर आम्हाला कळायला लागलं होतं. विमानात आईने ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आईचा निरोप लिहून पत्र संपवते. ती म्हणते, त्यांना कळव, गाडगं नीट आहे, तडा गेलेला नाही. सांगलीत लाकडाची भट्टी नाही, म्हणून चुलीच्या निखाऱ्यांवर ठेवते, रात्रभर. शनिवारी घालते, रविवारी काढते. चातुर्मास संपल्यावर एकदा कांदा घालून केला, तो तुमच्यासारखा झाला नाही. आणि हेही लिही, म्हणते, की त्यात हरभऱ्यांशिवाय दुसरं काही अजून शिजवलेलं नाही.

तुमची,
जिच्या आईला तुम्ही जेवू घातलंत ती