काकीसा, त्या वाळूच्या शेकाबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

काकीसा, खम्मा घणी.

पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमचा धाकटा पुण्यात मिठाईच्या दुकानात राहून आता गिऱ्हाइकाशी मराठीत हुज्जत घालण्याइतका तयार झालाय, असं तुम्हीच कौतुकानं सांगितलं होतंत. तो फोनवर वाचून दाखवेल. मधलं काही गाळलं तर त्याला दटावा. आणि चारचौघांसमोर लिहितेय ते आईच्या आग्रहावरून. तुम्ही पैशाला हात लावला नाहीत, तर आभार तरी उघड मानले पाहिजेत, असं तिचं म्हणणं.

आईचा पाय जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकडीवरून उतरताना मुरगळला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. त्या संध्याकाळी आम्ही ज्या तंबूंच्या मुक्कामी होतो तिथं रात्री उशिरापर्यंत डीजे दणाणत होता आणि सुजलेला पाय घेऊन आई कानात कापूस घालून पडली होती. बर्फ मागितला तर तो आधी बारकडे जाणार होता. सकाळी जैसलमेरला एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, पण पाय टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमची पुढची खोली होती किल्ल्यात. 1156 साली वसवलेल्या किल्ल्यात लोक आजही राहतात, याचं मला केवढं अप्रूप! आता मात्र त्या खोलीपर्यंतचा अरुंद, उभा दगडी जिना डोळ्यांपुढे आला. तेव्हा गाडी चालवणारे तुमचे थोरले चिरंजीव, आमचे भाईसा, आरशात बघत एवढंच म्हणाले, "माँसा घरी आहेत." आणि गाडी तुमच्या गावाकडे, रामगढच्या रस्त्याला लावली. त्यांनी आधी तुम्हाला फोनही केला नव्हता, हे मला तुमच्या दारात कळलं.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. आईला बाजेवर बसवलंत, पाणी दिलंत, पाय बघितलात आणि मग चुलीकडे वळलात. डॉक्टरांची पट्टी तुम्ही सोडली नाहीत. सूज उतरायला लागल्यावरच तुमचा उपाय सुरू झाला. अंगणाच्या कडेची वाळू चाळून घेतलीत, तव्यावर तापवलीत, जुन्या ओढणीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधलीत आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिलीत. मग घोट्याभोवती हळूहळू, फिरवून फिरवून शेक. पुरचुंडी गार झाली की दुसरी तयार असायची. आई डोळे मिटून म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे." हे वाक्य मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. माझी आई असं सहजी कुणाला म्हणत नाही. माझ्या सासरच्यांपैकी तर अजून कुणालाच नाही.

आई माणदेशातली. म्हसवडच्या बाजूची. आमच्याकडे पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहून कमी तुमच्याकडे पडतो, वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. हा आकडा मी तिला वाचून दाखवला होता, पण तिचा त्यावर विश्वास बसला तो तुमच्या घरी भांडी घासताना बघून. राखेनं आणि कोरड्या वाळूनं घासायची, फडक्यानं पुसायची, पाण्याचा थेंब नाही. तिनं पितळी लोटा हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

मग तुमच्या दोघींची भाकरी. तुमचा बाजरीचा सोगरा जाड, चुलीतून काढून मधोमध बोटानं खड्डे पाडून तूप ओतलेला. आईची भाकरी पातळ, टम्म फुगलेली. एक पाय पाटावर ताणून बसल्या बसल्या तिनं तुमच्या चुलीवर भाकरी थापली आणि तुमच्या सुना तोंडाला ओढणी लावून हसल्या. तुम्ही चवीनं खाल्लीत आणि निकाल दिलात की ही भाकरी पोट भरायच्या आधीच संपते. आईनं सोगऱ्याबद्दल नंतर मला एकटीला सांगितलं की तो एक खाल्ला तर दुपारपर्यंत विचार करायचं काम नाही. केर-सांगरी मात्र तिनं निमूट दोनदा घेतली. केर आधी ताकात भिजत घालून कडवटपणा काढतात, सांगरी म्हणजे खेजडीच्याच वाळवलेल्या शेंगा, हे कळल्यावर ती दाराबाहेरच्या झाडाकडे बघत राहिली. ती आमची शमी. दसऱ्याला आम्ही तिची पूजा करतो, पण तिची भाजी करून खायचं आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

बेरीवर, म्हणजे तुमच्या त्या अरुंद विहिरीवर नेलंत तो दिवस मला वेगळा लिहायला हवा. गावात नळ आलाय, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं, पण तो आज येईल की परवा, हे कुणी सांगू शकत नाही. आमच्याकडच्या टँकरचंही तेच. भाईसांनी आईला गाडीतून थेट काठापर्यंत नेलं. वरून बघितलं तर फक्त लाकडी झाकण आणि कमरेएवढं दगडी तोंड. आत वाकून पाहिलं तेव्हा खाली खूप खोल एक लहानसा चकाकता तुकडा दिसला. तुम्ही सांगितलंत की हे खालचं खारं पाणी नव्हे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खडूसारख्या दगडाच्या पट्ट्यावर अडतं, तिथून ते घामासारखं पाझरत या खड्ड्यात येतं. काही घागरी काढायच्या, मग थांबायचं. घाई केली तर हाती चिखल लागतो. झाकण उघडं टाकलं तर गावात त्या माणसाची लाज निघते.

आई ऐकत होती. मग तिनं हिंदी-मराठी मिसळून सांगायला सुरुवात केली. माणगंगा कोरडी पडली की पात्रात झिरा खणायचा, त्यात बसून वाटीनं पाणी भरायचं, एक हंडा भरायला अख्खी सकाळ. ती हातानं वाटी दाखवत होती आणि तुम्ही हातानं दोर. "बहात्तर," आई म्हणाली. बहात्तरच्या दुष्काळात ती अकरा-बारा वर्षांची होती, आईबरोबर खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची. तुम्ही म्हणालात, "छप्पन." मला वाटलं तुम्ही 1956 साल म्हणताय आणि तुमच्या वयाचा हिशेब करत बसले. ते विक्रम संवत निघालं. छप्पनियो काळ, म्हणजे संवत 1956 चा दुष्काळ, इंग्रजी 1899-1900. तो तुम्ही पाहिलेला नाही, तुमच्या आजीच्या सासूनं पाहिला. पण तुम्ही असं सांगत होतात जणू त्या वर्षी गाई सोडून द्यायला तुम्हीच गेला होतात. दोघी मग बराच वेळ काठावर बसून राहिलात आणि मी उगाच फोनमध्ये डोकं घातलं, कारण त्या बोलण्यात माझं काही काम नव्हतं.

परतताना भाईसांनी खडीन दाखवलं. माघाचा महिना, चहूकडे मुरमाड, पिवळट माळ, आणि मातीच्या लांब बांधाआड गुडघाभर हिरवा गहू आणि हरभरा. चौमासात आसपासच्या खडकाळ उतारावरचं पाणी या बांधाशी जमा होतं, जमीन ते पिऊन घेते, आणि उरलेल्या ओलीवर रब्बीचं पीक निघतं. वरून एक थेंब द्यावा लागत नाही. ही विद्या पालीवाल ब्राह्मणांनी कित्येक शतकांपूर्वी इथं रुजवली. त्याच पालीवालांचं ओस पडलेलं कुलधरा आम्ही आधीच पाहिलं होतं आणि तिथल्या माणसानं आम्हाला अर्धा तास भुतांच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. खडिनाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. आईनं हरभऱ्याचा डहाळा तोडायला हात पुढे केला आणि मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तिची ओंजळ भरलीत.

ओरणाबद्दल, म्हणजे देवीच्या नावानं राखलेल्या रानाबद्दल, मी तुम्हाला फार प्रश्न विचारले, त्याबद्दल राग मानू नका. आमच्याकडे देवराई असते, पण कोकणात नाही तर डोंगराच्या कुशीत, गच्च झाडीची. तुमच्या देवीचं रान एवढं उघडं, एवढं पसरलेलं, सेवण गवत आणि मधून मधून खेजडी, की भाईसांनी सांगितलं नसतं तर मी त्याला माळच म्हटलं असतं. सरकारी कागदांत पुष्कळ ओरणांची नोंद पडीक म्हणूनच आहे म्हणे, आणि पडीक जमिनीवर सौरऊर्जेची पॅनेलं टाकायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. ओरणातून कुऱ्हाड लावून एक फांदीही कुणी आणत नाही, गावाची जनावरं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथंच चरतात. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओरणांचं मोजमाप करून त्यांना वनाचा दर्जा द्या, असं राजस्थान सरकारला सांगितलं. हे मी घरी आल्यावर वाचलं. तुमच्या धाकट्याला सांगा, गावच्या ओरणाचं काय झालं ते पटवाऱ्याकडे विचारून मला कळव. मलाही विजेचं बिल येतं, मी सूर्यावरच्या विजेच्या विरोधात नाही. पण उंटांनी चरायचं कुठं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. 2012 ते 2019 या काळात देशातले उंट चार लाखांवरून अडीच लाखांवर आले. तुमच्या दिरांनी आपले उंट विकले त्याची गोष्ट ऐकल्यावर या आकड्यांना मला चेहरा दिसतो.

आणि आता नातीच्या जन्माचं गाणं. घरात पहिली नात झाली म्हणून तुम्ही मांगणियार गवई बोलावलेत. मुलीसाठी कशाला, अशी भावकीत कुजबुज झाली, ती मला तुमच्या धाकट्या सुनेनं सांगितली. तुम्ही ती ऐकली असणार आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं असणार. ते आले ते कुणी भाड्यानं आणलेले कलाकार म्हणून नाही. त्यांच्या पिढ्या तुमच्या पिढ्यांसाठी गात आल्या. मुसलमान घरातले ते वयस्क गायक तुमच्या अंगणात बसून तुमच्या कुळाची नावं एकामागून एक म्हणत गेले, मध्ये श्वास घेतला की काय तेही कळलं नाही. समच्या तंबूत आम्ही ऐकलं तेही मांगणियारच होते. पण तिथं त्यांना सिनेमातल्या गाण्यांच्या फर्माइशी येत होत्या आणि ते बिचारे पुरवत होते.

त्यांनी कमायचा माझ्या हातात दिला. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या. गज लावला की तो आवाज आधी छातीत येतो आणि मग कानात. हमीरा गावच्या साकर खाँ यांना या वाद्यासाठी 2012 साली पद्मश्री मिळाली, हे त्यांनी स्वतःच्या घरचं कार्य सांगावं तसं सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाले, तुमच्या मुलखातलं काही होऊ दे. आई लाजली, नको नको म्हणाली आणि मग तुकोबांचा एक अभंग धरला. वारीत चालताना म्हणते तसाच, ठेक्यात, सुरांची फार पर्वा न करता. पहिलं कडवं त्यांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्याला कमायचा मागून आला. तिसऱ्याला त्यांच्या मुलानं खरताल उचलले आणि आईनं सवयीनं टाळ्या धरल्या. तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन डोलत होतात. नंतर तुम्ही रामदेवपीरांच्या रामदेवऱ्याला पायी गेल्याचं सांगितलंत आणि आईनं पंढरपूरचं. पायाला फोड आल्यावर काय लावायचं यावर तुमचं एकमत झालं नाही.

निघताना मी पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही हात मागे घेतलेत आणि भाईसांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते परत पर्समध्ये घातलं. आईनं मात्र बॅगेतून खण आणि नारळ काढला. तो तनोटच्या देवीसाठी पुण्याहून नेलेला होता. पायामुळे तनोट राहून गेलं. "अगं, देवीचं आहे ते," मी म्हटलं. आई म्हणाली, "तिला ओटी द्यायला सीमेवरचे एवढे जवान आहेत." आणि तुमचा पदर धरून तुमची ओटी भरली. तुम्हाला ही रीत ठाऊक नव्हती, तरी तुम्ही ओढणी बरोबर पुढे केलीत.

आता कामाचं. पाय बरा आहे. यंदा आई फलटणला माउलींच्या पालखीत सामील झाली आणि वाखरीपर्यंत चालली, तुमची वाळूची पुरचुंडी पिशवीत होती. वाळू तुमच्याच अंगणातली, तिथून आणलेली. लोणंदच्या एका बाईलाही तिनं शेक दिला आणि तुमचं नाव घेतलं. धाकट्याच्या हाती शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. ती तिखट आहे, सुनांना आधी सांगा. खण दोन आहेत, एक नातीच्या अंगड्यासाठी. आणि आई विचारतेय, भाद्रपदात रामदेवऱ्याला तुमच्या गावाहून चालत गेलं तर किती दिवस लागतात आणि वाटेत रात्रीचं कुठं टेकता. उत्तर मला नको, तिलाच फोन करा. दुपारी दोन ते चार ती झोपते, एरवी केव्हाही.

तुमची,
पुण्याची बाईसा