माइक बंद करणारा पोरगा

महोदय,
बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या चौघांच्या स्क्वॉडचं बोलणं एकदा कान देऊन ऐका. एक जण नॉक झाला, म्हणजे गेममध्ये गोळ्या लागून पडला, की लीडर ‘अक्कल आहे का तुला’ म्हणून खेकसतो, मग तो पोरगा माइकच बंद करतो, पुढच्या फाइटला समोरचे कुठेयत ते सांगणार कोण, मॅच तिथेच जाते. डोटा २ या कॉम्प्युटर गेममधली ओजी टीम बघा, २०१८ मध्ये ऐन मोक्याला दोन खेळाडू सोडून गेले तरी कॅप्टन योहान सुंडस्टाइननी नवीन पोरांना सांभाळून घेतलं, ओपन क्वालिफायरपासून, म्हणजे सगळ्यांना खुल्या पात्रता फेरीपासून, खेळत द इंटरनॅशनल ही डोटाची सर्वात मोठी स्पर्धा जिंकली, २०१९ला परत जिंकली! कॉलेजांनी ई-स्पोर्ट्स, म्हणजे अशा गेम्सच्या स्पर्धा जरूर भरवाव्यात, पण हरल्यावर टीममेटशी कसं बोलायचं हेही कॅप्टनला शिकवा ना.

— एक वाचक, नाशिक