तवंग खाडीत शिरण्याआधी अधिकार ठरवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनर जहाज बुडाले. तेव्हापासून एक सूर आपल्याकडे अधूनमधून ऐकू येतो: तेलगळती झाली की किनाऱ्याचे निर्णय राज्यानेच घ्यावेत, दिल्लीच्या तोंडाकडे बघत बसू नये. ही मागणी कोरी नाही. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याने २०१० साली नेमके हेच करून पाहिले आणि त्याचा खर्च, परिणाम सगळे चौकशी आयोगाच्या कागदांत नोंदलेले आहे. ते वाचले की या मागणीतला धरण्याजोगा भाग कोणता आणि सोडून देण्याजोगा कोणता, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या खोदकाम करणाऱ्या फलाटावर स्फोट झाला आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले. दीड किलोमीटर खोलीवरची विहीर १५ जुलैपर्यंत, म्हणजे ८७ दिवस, वाहत राहिली. सरकारी अंदाज ४९ लाख बॅरलचा. समोरचा लुइझियानाचा किनारा मिसिसिपी नदीच्या गाळावर वाढलेल्या गवताळ दलदलीचा. भरतीचे पाणी गवतातून आत-बाहेर करते आणि कोळंबी, खेकडे, कालवे (ऑयस्टर) यांची पैदास तिथेच होते. बांधांमुळे नदीचा गाळ अडला, तेल कंपन्यांनी दलदलीतून कालवे खोदले आणि १९३२ ते २०१० या काळात तिथली ४,८०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन आधीच पाण्याखाली गेली होती. राज्य घायकुतीला आले ते उगाच नव्हे.

भांडणाचे मूळ मात्र दोन कायद्यांत होते. चक्रीवादळ आले की अमेरिकेत स्टॅफर्ड कायदा लागतो. त्यात राज्याचा गव्हर्नर पुढे असतो आणि केंद्र पैसा, माणसे पुरवते. कतरिना चक्रीवादळानंतर लुइझियानाचे सगळे प्रशासन याच सवयीचे झाले होते. तेलगळतीला लागतो १९९० चा तेल प्रदूषण कायदा, जो अलास्कातल्या ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ अपघातानंतर झाला. यात सूत्रे तटरक्षक दलाकडे, खर्च प्रदूषण करणाऱ्या कंपनीकडे, आणि राज्य हा त्या संयुक्त यंत्रणेतला एक भागीदार. म्हणजे गव्हर्नर बॉबी जिंदल आणि प्लाकमिन्ससारख्या पॅरिशांचे (तिथले जिल्हेच म्हणा) प्रमुख ज्या नियमांनी वागत होते, ते या आपत्तीला लागूच नव्हते. किनारपट्टीचा तेलगळती आराखडा आधीपासून होता आणि राज्याच्या यंत्रणाही त्यात सहभागी होत्या, पण निवडून आलेल्या मंडळींना तो माहीत नव्हता. पहिले कित्येक आठवडे या घोळात गेले.

त्यातून निघाले वाळूच्या बांधांचे प्रकरण. राज्याने ११ मे रोजी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाकडे तातडीचा परवाना मागितला: किनाऱ्यापुढच्या बेटांना जोडत दीडशे किलोमीटरच्या वर लांबीचा बांध. पायथ्याला ९० मीटर रुंद, माथ्याला सहा-सात मीटर, भरतीच्या पातळीपेक्षा जेमतेम दोन मीटर उंच. विभागाने २७ मे रोजी त्यातल्या सुमारे ६५ किलोमीटरला होकार दिला. सोळा दिवस म्हणजे उशीर, अशी ओरड झाली. परवान्याच्या कामाची कल्पना असलेल्याला सोळा दिवस हा वेगच वाटेल. जूनच्या सुरुवातीला केंद्राने सहा टप्प्यांचा ३६ कोटी डॉलरचा खर्च विहिरीच्या मालक बीपी कंपनीवर टाकला. केंद्राचे स्वतःचे तज्ज्ञ या बांधांबद्दल साशंक होते. तरीही होकार गेला तो राजकीय दबावाखाली, आणि केंद्राची खरी चूक ही. उशीर ही चूक नव्हतीच.

बांध फसला तो अगदी साध्या कारणांनी. ड्रेजरने (गाळ उपसणाऱ्या जहाजाने) वाळू उपसून पाइपमधून बेटापर्यंत आणायची, तर कामाचा वेग पाइपच्या लांबीवर ठरतो. मंजूर खाणजागा लांब होती आणि तेवढा पाइप हाताशी नव्हता, म्हणून शँडेलूर बेटांजवळ अलीकडूनच वाळू उचलायला सुरुवात झाली. बेटाच्या पायथ्याशी खड्डा पडला की लाटा बेटाचीच वाळू त्यात ओढतात. त्यामुळे जूनच्या चौथ्या आठवड्यात केंद्राने तो उपसा थांबवला आणि पुन्हा आरडाओरडा झाला. विहीर झाकली गेली तेव्हा बांधाचा लहानसा तुकडाच उभा होता. राष्ट्रीय चौकशी आयोगाच्या अभ्यासगटाचा अंदाज असा, की सुमारे २२ कोटी डॉलर खर्चून या बांधांनी अडवलेले तेल हजार बॅरलच्या आसपास भरते. एका बॅरलला दोन लाख वीस हजार डॉलर. शँडेलूरकडच्या बांधाचे तर काही महिन्यांतच लाटांनी तुकडे केले. उरलेल्या रकमेतले दहा कोटी डॉलर राज्याने नोव्हेंबरमध्ये बेटे दुरुस्त करण्याकडे वळवले. ते काम उपयोगाचे होते, पण त्याचा तेल अडवण्याशी संबंध नव्हता.

बाराटारिया उपसागराची मुखे दगड टाकून बुजवण्याची मागणी मात्र विभागाने जुलैच्या सुरुवातीला साफ फेटाळली. दगड भरलेले बार्ज (सपाट तळाचे मालवाहू तराफे) तयार उभे होते. उपसागरात जेवढे पाणी भरतीला शिरते तेवढे ओहोटीला बाहेर पडणारच. मुख अरुंद केले तर पाणी कमी होत नाही, त्याचा वेग वाढतो. तळ खरवडला जातो, बाजूची बेटे कापली जातात, आणि जे तेल अडवायचे तेच उरलेल्या फटीतून जोराने आत जाते. आपल्याकडे खाडीमुखावर भराव टाकणाऱ्यांनी हे एकदा तरी वाचावे.

याच्या उलट, मुख्यतः राज्याच्याच हातातला एक निर्णय होता. नदीचे गोडे पाणी डेव्हिस पाँड आणि कॅर्नार्व्हन इथल्या दरवाजांतून दलदलीत सोडायचे, म्हणजे ते तेलाला बाहेर रेटेल. दरवाजे महिनोन्‌महिने उघडे राहिले. तेल किती रेटले गेले यावर वाद आहेत, पण पाण्याची क्षारता घसरून कालवांचे ताटवे मोठ्या प्रमाणावर मेले हे नक्की. ज्या कालवांसाठी एवढा आटापिटा केला, ती तेलाऐवजी गोड्या पाण्याने गेली.

केंद्राचे वागणेही काही कौतुकाचे नव्हते. जूनच्या मध्यास तेल शोषून घेणारे राज्याचे सोळा बार्ज तटरक्षक दलाने सुमारे दिवसभर थांबवले, कारण जीवरक्षक जाकिटे आणि अग्निशामके आहेत की नाहीत याची खात्री करायची होती. तपासणी चूक नव्हती, पण ती बार्ज धक्क्यावर असताना करता आली असती. पुढे दलाने प्रत्येक पॅरिशच्या प्रमुखाकडे आपला एक अधिकारी कायमचा बसवला आणि रोजच्या कुरबुरी बऱ्याच कमी झाल्या. सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय बहुधा हाच.

आता बूमबद्दल थोडे तपशिलात, कारण आपल्याकडेही गळती झाली की पहिली मागणी ‘बूम लावा’ अशीच येते. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा अडसर, वर फुगा आणि खाली लोंबणारा पडदा. प्रवाहाला काटकोनात लावला तर सुमारे ०.७ नॉट, म्हणजे सेकंदाला ३५ सेंटिमीटर, एवढ्याच वेगापर्यंत तो तेल धरतो. त्यापुढे तेलाचे थेंब सुटून पडद्याखालून निघून जातात. पडदा लांब केला म्हणून फरक पडत नाही, उलट ओढ वाढून नांगर सुटतो. उपाय एकच, बूम तिरका लावणे, म्हणजे तेल सरकत काठाशी जाते आणि तिथून उचलता येते. दोन नॉटच्या प्रवाहात तो प्रवाहाशी जास्तीत जास्त २० अंशांचा कोन करू शकतो. ३०० मीटर रुंदीच्या खाडीला मग ९०० मीटरच्या आसपास बूम लागतो. लुइझियानात कित्येक किलोमीटर बूम नुसता दिसावा म्हणून टाकला गेला. पुढाऱ्याला तो टीव्हीवर दाखवता येतो, पण त्यावर पाळत ठेवायला माणसे नव्हती. वाऱ्याने तो उचलून गवतात फेकला आणि तेलाने झाले नसते असे नुकसान त्या बूमने केले.

लुइझियानात भरती-ओहोटीचा फरक असतो साधारण एक फूट. मुंबईत उधाणाला तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. भरतीच्या खोलीनुसार नांगराची दोरी सोडली तर ओहोटीला ती सैल पडून बूमला पोक येतो. आखूड ठेवली तर भरतीला फुगा पाण्याखाली ओढला जातो. दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, म्हणून दोन्ही बाजूंना नांगर हवेत. आणि चिखलात टेकणाऱ्या टोकांना वेगळा बूम लागतो, ज्याच्या खालच्या दोन नळ्यांत पाणी भरलेले असते, म्हणजे तो ओहोटीला चिखलावर घट्ट बसतो. साधा बूम इथे कलंडतो आणि पुढच्या भरतीला तेल त्याच्याखालून शिरते.

७ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे आखातातली विहीर झाकल्यावर जेमतेम तीन आठवड्यांनी, मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. दिव्याची अवस दोन-तीन दिवसांवर होती, म्हणजे पाणी उधाणाला लागलेले. तवंग रायगड आणि नवी मुंबईच्या कांदळवनांत पोचला. उधाणाच्या भरतीने जे तेल वरच्या तिवरांपर्यंत चढते, तिथे भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) दिवसांत पाणी पोचत नाही. पुढच्या उधाणापर्यंत ते श्वसनमुळांवर तसेच बसून राहते आणि झाड हळूहळू गुदमरते. पाने पिवळी पडलेली दिसतात तोवर वेळ गेलेली असते.

आपली १९९६ पासून अमलात असलेली राष्ट्रीय आपत्कालीन योजना कामाची विभागणी अशी करते: समुद्रात तटरक्षक दल, बंदराच्या हद्दीत बंदर, तेल कंपनीच्या ठिकाणाभोवती ५०० मीटरपर्यंत ती कंपनी, आणि किनाऱ्याची सफाई राज्याकडे. वाळूच्या पुळणीवर ही रेषा चालते. कांदळवन मात्र दिवसातून दोनदा समुद्र असते आणि दोनदा जमीन. न्हावा-शेवा किंवा ठाणे खाडीत एकाच तवंगावर तटरक्षक दल, दोन बंदरे, प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष या सगळ्यांचा थोडा थोडा हक्क लागतो. त्यात उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाच्या तोडीवर कडक बंधने आहेत आणि ती असायलाच हवीत. पण सफाई पथकाला आत जायला वाट लागली, चार फांद्या तोडाव्या लागल्या, तर लेखी होकार कोणी आणि किती तासांत द्यायचा?

हा होकार घाईत द्यायचाही नसतो. बाराटारियातल्या बे जिमीचा अनुभव असा, की माणसे दलदलीत उतरली की पायाखाली तेल चिखलात दाबले जाते. खाली हवा नसते, तिथे ते वर्षानुवर्षे कुजत नाही. कडेला हलके तेल असेल तर पुष्कळदा हात न लावणे हीच उत्तम सफाई. तिथे जाड थर बसला होता, तेव्हा होडीतून किंवा फळ्या टाकून गवत विंचरणे, कापणे हे उपाय आधी लहान तुकड्यांवर करून पाहिले आणि मगच वाढवले. तिवरांत कापणे बादच. भरती चढलेली असताना जमिनीच्या बाजूने कमी दाबाने पाणी सोडून तेल खाडीकडे ढकलायचे आणि तिथे शोषक पट्ट्यांनी उचलायचे. दाबाचा फवारा मारला तर मुळांची सालच निघते. उचललेल्या तेलात पाणी मिसळून त्याचे आकारमान तिप्पट-चौपट होते. टाक्या भरल्या की उपसणारे यंत्र चालू असूनही काम बंद पडते, म्हणून रिकाम्या टाक्या आणि विल्हेवाटीची जागा आधी लागते.

केरळने एल्सा ३ ला ‘राज्य आपत्ती’ जाहीर केले ते राज्याच्या आपत्ती निधीतून खर्च करता यावा म्हणून. भरपाईसाठी ९,५३१ कोटींचा दावा उच्च न्यायालयात वेगळा लावावा लागला. म्हणजे इथेही खर्च एका चौकटीतून, सूत्रे दुसऱ्या चौकटीतून. लुइझियानाचाच घोळ मल्याळममध्ये.

राज्याला सर्वाधिकार नकोत. तेल अडवण्याचे मोठे बांधकाम, भराव, पाण्याचे दरवाजे यांवर केंद्राचा तांत्रिक नकार टिकलाच पाहिजे, आणि तो राजकारणापुढे नमता कामा नये. राज्याकडे स्पष्टपणे यावे ते दुसरे काम. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत प्रत्येक खाडीचा एक पानी नकाशा असावा. त्यावर बूम कुठून कुठे, किती मीटर, कोणत्या कोनात, नांगर कुठे, कुठले तिवर आधी वाचवायचे आणि कुठल्या खडकाळ काठावर तेल मुद्दाम येऊ द्यायचे, निर्णय कोणाचा. त्यावर तटरक्षक दल, बंदर, जिल्हाधिकारी आणि कांदळवन कक्ष या चौघांच्या सह्या आधीच असाव्यात. स्थानिक मच्छीमार सोसायट्यांशी होड्यांचा दर, डिझेल आणि विमा ठरवून करार करावेत. लुइझियानात बीपीने हजारो नौका भाड्याने घेतल्या, तेव्हा खऱ्या मच्छीमारांना डावलून भलत्यांचीच वर्णी लागल्याच्या तक्रारी होत्या. आमच्या तांडेलांना खाडीचा प्रवाह कुठे फिरतो हे कुठल्याही संगणकापेक्षा बरे कळते, पण शोषक पट्टी हाताळायचे हातमोजे आणि तेलाच्या वाफेपासून बचावाचे मुखवटे त्यांच्याकडे नसतात.

आणि रंगीत तालीम करायची तर शांत डिसेंबरात, भांगाला, पाहुण्यांसमोर नको. पावसाळ्यात, उधाणाच्या ओहोटीला, रात्री एक खाडी बंद करून दाखवावी. किती वाजता फोन गेला आणि किती वाजता शेवटचा नांगर पडला, एवढे दोनच आकडे जाहीर करावेत.

आपला,
किनारी प्रदूषण नियंत्रणाच्या कामातला एक वाचक,
अलिबाग