‘स्नोडेन’ दाखवण्याआधी

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या पोरांना ‘स्नोडेन’ दाखवतोयस, म्हणजे एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची गुपितं २०१३ मध्ये फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनवरचा चित्रपट, फार बरं वाटलं. यात खरं किती, असं तू विचारलंयस. जिनिव्हा, जपान, हवाई, हाँगकाँग हा प्रवास खरा आहे, मुख्य माणसंही खरी आहेत. माझी तक्रार वेगळीच आहे. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोनने थरार कागदपत्रांच्या चोरीच्या प्रसंगात ठेवला. खरा थरार चार पानांच्या एका कागदात आहे, आणि तो पोरांना कळला नाही तर ती हा चित्रपट निव्वळ हेरकथा म्हणून पाहतील.

आधी चित्रपटाने काय बदललं ते सांगतो. स्नोडेनचा वरिष्ठ कॉर्बिन ओब्रायन आणि निकोलस केजने केलेला हँक फॉरेस्टर ही पात्रं काल्पनिक आहेत. भिंतभर पडद्यावर ओब्रायनचा चेहरा अंगावर येतो तो प्रसंग जबरदस्त आहे, पण खऱ्या यंत्रणेत असा एक खलनायक नव्हता. वकील, न्यायाधीश, कंत्राटदार कंपन्या आणि अमेरिकी संसदेच्या समित्या, सगळ्यांच्या संमतीने ती रीतसर चालत होती. स्नोडेनने बनवलेली ‘एपिक शेल्टर’ ही यंत्रणा चित्रपटात ड्रोन हल्ल्यांशी जोडलीय. स्नोडेनच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ती बॅकअपची व्यवस्था होती, एकाच फायलीच्या अनेक प्रती साठू नयेत म्हणून केलेली. रुबिक क्यूबमध्ये मेमरी कार्ड लपवल्याचं त्याने स्वतः लिहिलंय, मोज्यात आणि गालातही. पण पडद्यावर कॉपी काही मिनिटांत उरकते. इवल्या कार्डावर लिहिण्याचा वेग कमी, त्यात माहिती कूटबद्ध करायची, त्यामुळे एकेक कार्ड भरायला तासन्‌तास लागत.

हाँगकाँगच्या हॉटेलात स्नोडेन पत्रकारांना भेटतो तेव्हा फोन मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात, त्यावर पोरं हमखास विचारतील. मायक्रोवेव्हचं दार २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी अडवण्यासाठी बनवलेलं असतं. मोबाइलचे पट्टे वेगळे, ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्‌झचे, म्हणून आत ठेवलेला फोन पुष्कळदा वाजतो. (दाखवणार असशील तर मायक्रोवेव्हचा प्लग आधी काढून ठेव.) प्रत्यक्षात स्नोडेनने पत्रकारांना फोन फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले होते. फ्रीजची जाड भिंत बोलणं माइकपर्यंत पोचू देत नाही, सिग्नल मात्र ती पुरता अडवत नाही. फोन घरीच ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

आता तो कागद. २५ एप्रिल २०१३ रोजी न्यायाधीश रॉजर व्हिन्सन यांनी सही केलेला गुप्त न्यायालयाचा आदेश ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने ५ जूनला छापला. व्हेरायझन या अमेरिकी फोन कंपनीच्या एका उपकंपनीने १९ जुलैपर्यंत, रोजच्या रोज, सगळ्या कॉलच्या नोंदी एनएसएला द्याव्यात, असा तो आदेश. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला एवढंच. बोलणं नाही, नावही नाही. म्हणूनच ‘आम्ही कोणाचं ऐकत नाही’ असं सरकार म्हणू शकत होतं आणि ते शब्दशः खोटंही नव्हतं. पण रात्री दोनला डॉक्टरला, अडीचला भावाला आणि सकाळी वकिलाला फोन गेला, तर बोलणं ऐकायची गरजच काय? शिवाय संशयितापासून तीन पायऱ्यांपर्यंत, म्हणजे त्याचे संपर्क, त्यांचे संपर्क आणि पुन्हा त्यांचे संपर्क, इथपर्यंत जायची मुभा होती. प्रत्येकाचे ४० संपर्क धर: पहिल्या पायरीला ४०, दुसरीला १,६००, तिसरीला ६४,०००. संशयित मात्र एकच. जानेवारी २०१४ मध्ये ओबामांनी ही मर्यादा दोन पायऱ्यांवर आणली. हा गुणाकार फळ्यावर मांड, पडद्यावरच्या नकाशांपेक्षा तो जास्त बोचेल.

तो आदेश छापून येण्याच्या तीनच महिने आधी, १२ मार्च २०१३ ला, सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना उघड सुनावणीत विचारलं होतं की एनएसए कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करते का. क्लॅपर ‘नाही’ म्हणाले. स्नोडेनला ज्यांनी नुसता फितूर ठरवलं, त्यांना मी हा प्रसंग आधी समजावून सांगायला सांगेन. २०१५ मध्ये एका आणि २०२० मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने कॉलनोंदींचा हा सरसकट साठा कायद्यात बसत नसल्याचं म्हटलं. स्नोडेनवरचे जून २०१३ चे आरोप मात्र कायम राहिले.

आपला संबंध विचारशील तर ‘बाउंडलेस इन्फॉर्मंट’ सांग, कोणत्या देशातून किती माहिती उचलली ते मोजणारं एनएसएचं साधन. मार्च २०१३ च्या एका महिन्यात जिथून सर्वाधिक माहिती उचलली गेली त्या देशांत भारत पाचवा होता: सुमारे ६३० कोटी नोंदी. तरीही जुलैमध्ये स्नोडेनचा आश्रयाचा अर्ज भारताने नाकारला. ते मला आजही खटकतं.

शक्य असेल तर लॉरा पॉइट्रसचा माहितीपट ‘सिटिझनफोर’ही दाखव, आणि तो नंतर. त्याच खोलीत खरा माणूस शांतपणे बोलताना दिसतो, चित्रपटात स्नोडेन झालेल्या गोर्डन-लेविटने आवाज किती नेमका पकडलाय तेही कळतं. पॉइट्रसना पाठवलेल्या निरोपात स्नोडेनने बजावलं होतं की शत्रू सेकंदाला एक लाख कोटी पासवर्ड तपासू शकतो असं धरून चाला. पोरांकडून हिशोब करून घे. लहान अक्षरं आणि आकडे मिळून आठ खुणांचा पासवर्ड तीन सेकंदांच्या आत संपतो. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून चार शब्द निवडले तर सगळे पर्याय तासाभरात संपतात, पाच शब्दांना जवळजवळ वर्ष लागतं, सहांना सुमारे सात हजार वर्षं. शब्द स्वतः सुचवायचे नाहीत. गाण्याची ओळ किंवा गावाचं नाव घेतलं की हा हिशोब कोसळतो. पाच फासे सोबत ने, यादीतला एकेक शब्द पाच फाशांच्या आकड्यांवरून शोधायचा असतो. यादी इंग्रजी असली तरी चालेल, मराठी हवी असेल तर कळव, मी करून पाठवतो.

तुझा,
बाळ्या