सौरपंप आले, दुरुस्ती करणाऱ्यांना शिकवणार कोण?

मा. संपादक,

दहावीचा निकाल लागला की आपल्या जिल्हा पानावर आयटीआय प्रवेशाच्या बातम्या येतात. कोणत्या ट्रेडला किती जागा, मुलांचा ओढा कुठे, नवीन ट्रेड कोणता आला. या बातम्या हव्यातच. पण कौशल्य शिक्षणाचे सगळे बोलणे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ज्यांचा हात वीस-पंचवीस वर्षे एका कामात मुरला आणि ते कामच आता बदलून गेले, अशा माणसांना पुढचे कोण शिकवणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

माझे चोपडा तालुक्यात मोटार वाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरण्याचे दुकान आहे. मी आणि कामाला दोन पोरे. हा धंदा आमच्या भागात फोफावला तो केळी, बागायती कापूस आणि विजेच्या तऱ्हा यांमुळे. शेतीला आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास लाइन. लाइन आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो आणि व्होल्टेज खाली बसते. मोटार तेवढेच पाणी ओढायला जास्त करंट घेते, तापते, जळते. एखादा फेज गेला तर आणखी लवकर जळते. उन्हाळ्यात माझ्या दुकानासमोर सबमर्सिबल मोटारींची रांग लागायची. जळालेली वायर उपसायची, गेज मोजायचे, तारेचे वेढे म्हणजे टर्न मोजायचे, नवीन तांबे भरायचे, बुश-बेअरिंग पाहायचे, कुठे वीज गळते का ते मेगर लावून पाहायचे आणि संध्याकाळपर्यंत मोटार शेतकऱ्याच्या गाडीत. यातच घर उभे राहिले, मुलांची शिक्षणे झाली.

आता शेतात सौरपंप आले. २०१९ च्या सुमारास मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजनेतून आणि पुढे केंद्राच्या कुसुम योजनेतून पंप बसू लागले. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना सुरू आहे. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकी सरकारचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याची रात्रीची पाळी सुटली. बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी घेऊन बांधावर उभे राहणे थांबले. याचा मला मनापासून आनंद आहे. माझे काम कमी झाले म्हणून ही योजना वाईट, असे मी कधीच म्हणणार नाही.

पण काम कमी का झाले ते पाहा. सौरपंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटारीला देणारा डबा, मोटारीला हळूहळू उचलतो, बोअरचे पाणी तुटले की बंद करतो, व्होल्टेज बिघडले की थांबवतो. मोटार जळण्याआधीच वाचते. आणि आता बिघाड होतो तो बहुधा कंट्रोलरमध्ये, केबलच्या जोडात किंवा पॅनेलच्या कनेक्टरमध्ये. शिवाय काही पंपांच्या मोटारींत रोटरला कायमचे चुंबक असतात. जुन्या मोटारीत टर्न थोडे इकडे-तिकडे झाले तरी ती पाणी उचलायची. या मोटारीत तसे केले तर कंट्रोलर ती चालूच देत नाही. म्हणजे माझे तांब्याचे ज्ञान अजून लागते, पण त्याला इलेक्ट्रॉनिक्सची जोड नसेल तर त्याचा उपयोग होत नाही.

मे महिन्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याचा पंप बंद पडला. त्याची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली केळी, घडावर होती. आपल्याकडे पारा ४४-४५ वर गेला आणि त्यात पाणी तुटले की घड सटकतात, हे रावेर-यावल-चोपड्यात कोणाला सांगायला नको. कंट्रोलरच्या पडद्यावर बिघाड सांगणारा एक आकडा येऊन थांबलेला. कंपनीकडे तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, माणूस काही येईना. “भाऊ, तूच देख ना काय व्हयनं ते,” असे म्हणत तो मला शेतात घेऊन गेला. एका कनेक्टरपाशी प्लास्टिक काळे पडलेले मला दिसत होते. पण पाच वर्षांची हमी कंपनीची. मी हात लावला आणि पुढे कंपनीने अंग काढून घेतले, तर नुकसान त्या शेतकऱ्याचे. शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी घेऊन त्याने बाग धरून ठेवली. कंपनीचा माणूस शेवटी आला आणि त्याने तोच कनेक्टर बदलला.

माझा प्रश्न पाच वर्षांनंतरचा आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे वीज देते, कंट्रोलर तितका टिकत नाही. २०१९ च्या आसपास बसलेल्या पंपांची हमी एव्हाना संपली आहे. पुढे दरवर्षी आणखी पंप त्या रांगेत येतील. तेव्हा शेतकरी कुणाकडे जाणार? आमच्याकडेच येणार. आणि आमच्यातले बरेच जण आज अंदाजाने काम करतात. हे धोक्याचेही आहे. पॅनेलची माळ जोडली की कित्येकशे व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, तयार होते. आपल्या नेहमीच्या एसीत प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी तुटायला वाव असतो. डीसीची ठिणगी तशी तुटत नाही. चालू भारावर कनेक्टर ओढला तर तो पेटतो, हात भाजतो. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही, हे एसीवर वाढलेल्या मेकॅनिकच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. ते कुणीतरी समोर उभे राहून शिकवले पाहिजे.

सरकारी योजना मी शोधल्या. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत वयाची अट १८ ते ३५, मी त्यात बसत नाही. पीएम विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये आली, तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत. मोटार वाइंडिंग नाही. पण त्या योजनेतली एक गोष्ट मला फार पटली. धंदा करणाऱ्या माणसाला प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि वर अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत. हातावर पोट असलेल्याने दुकान बंद ठेवून शिकायचे तर त्या दिवसांचा खर्च कुणीतरी उचलायला हवा, हे तिथे मान्य झाले आहे. तेच पंप मेकॅनिकसाठी का होऊ नये?

माझ्याकडच्या पोरांचेही तसेच. अप्रेंटिसशिपच्या नियमात ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणे सक्तीचे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. चारपेक्षा कमी असतील तर त्यांना जागाच नाही. खान्देशातली वाइंडिंगची, वेल्डिंगची दुकाने बहुतेक अशी दोन-तीन माणसांचीच. पोरगा माझ्याकडे चार वर्षे राबून तयार होतो आणि त्याच्याजवळ कागद एकही नसतो. तालुक्यातल्या आठ-दहा दुकानांचा गट करून ती एक आस्थापना धरली तर हे सुटू शकेल.

आपल्याकडे सौरऊर्जा नवी नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा प्रकल्प दहा वर्षांहून अधिक काळ उभा आहे, त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत. आपल्याकडे कापडगिरण्या बंद पडल्या तेव्हा पन्नाशीच्या साचेवाल्यांना (माग चालवणाऱ्यांना) कोणी दुसरे काही शिकवले नाही. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आज बाजारसंकुल आहे. तिथल्या कामगारांचे पुढे काय झाले, ते जुन्या जळगावकरांना विचारावे. या वेळी यंत्र बदलताना माणसालाही सोबत घेता येईल, कारण हा बदल सरकारच्या पैशातून आणि सरकारच्या अटींवर होतो आहे.

त्या अटींत दोन ओळी वाढवाव्यात. पंप पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीने बिघाडाच्या आकड्यांची मराठी पुस्तिका द्यावी आणि सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी विकत मिळतील असे करावे. आणि तालुक्याच्या आयटीआयचे वर्कशॉप रविवारी व संध्याकाळी आमच्यासाठी उघडावे. टेबलावर वेगवेगळ्या बनावटीचे कंट्रोलर, बाहेर एक पॅनेलची माळ, शिकवायला जाणता निदेशक, एवढे पुरे. वर्ग जुलै ते सप्टेंबरमध्ये ठेवावेत. पावसाळ्यात मोटारी बंद असतात, आमच्या हाताला काम कमी असते. उन्हाळ्यात ठेवले तर एकही मेकॅनिक येणार नाही.

हमी संपलेले आणि शेतकऱ्यांनी टाकून दिलेले दोन कंट्रोलर माझ्या दुकानात आहेत. कोणत्याही आयटीआयने खोलून शिकवण्यासाठी मागितले तर मी ते स्वतः नेऊन देईन. त्या बदल्यात मुलांना वाइंडिंग शिकवायला बोलावले तर तेही आनंदाने करीन.

आपला नियमित वाचक,
एक मोटार वाइंडिंग कारागीर,
ता. चोपडा, जि. जळगाव