30 पैकी 30, परत करायची सोय नाही

महोदय,

कालच्या शैक्षणिक पानावरचा मुलांच्या प्रामाणिकपणाविषयीचा लेख वाचला. 'न कमावलेले गुण पदरात पडले तर विद्यार्थ्याने निर्भयपणे शिक्षकांना सांगावे' हा सल्ला फार गोड आहे. लेखकमहाशय अलीकडे एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पायऱ्या चढले आहेत का, एवढेच विचारायचे होते.

माझ्या नातीने हा सल्ला तुमचा लेख छापून येण्याआधीच पाळून पाहिला. यंदा बारावी सायन्स. केमिस्ट्रीत लेखीला 70 पैकी 38 आणि प्रॅक्टिकलला 30 पैकी 30. मी नोकरीभर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक होतो, त्यामुळे मोठ्या हौसेने विचारले, "टायट्रेशनचं रीडिंग किती आलं होतं गं?" तर म्हणे, "फळ्यावर होतं ते लिहिलं, आबाजी." फळ्यावर काय होते? 10.2, 10.2, 10.2. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरे द्रावण रंग बदलेपर्यंत सोडायचे आणि ते किती मिलिलिटर लागले ते मोजायचे, असे तीनदा.

अहो, परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन ज्याने स्वतःच्या हाताने केले आहे त्याला विचारा, पहिले रीडिंग पुढच्या दोनांशी कधी जुळते का! फ्लास्कमधले आम्ल 60-70 अंशांपर्यंत तापवायचे, चटके सोसत ते हलवत राहायचे, शेवटी एकेक थेंब सोडायचा आणि फिकट गुलाबी रंग टिकला की नळ बंद. पहिल्या खेपेला बहुतेक पोरांचा हात पुढे जातोच आणि फ्लास्क जांभळा होतो. मग तोंड पाडून पुन्हा पहिल्यापासून. ब्युरेटमधले, म्हणजे नळ असलेल्या मोजनळीतले, द्रावण गडद असते म्हणून रीडिंग द्रावणाच्या पातळीच्या खालच्या नाही, वरच्या कडेवरून घ्यायचे, हेही तिला ठाऊक नव्हते. कसे असणार? "ब्युरेट तर कपाटातच होते ना, कुलपात," म्हणाली. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलीचे पाहून उतरवलेले. सर्टिफिकेटच्या पानावर सही-शिक्का मात्र अस्सल. बाहेरून आलेले परीक्षक दुपारी सावजीचे जेवले, सह्या केल्या आणि गेले.

पोरगी गेली मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, "कमी पडले असते तर तुझे बाबा भांडायला आले असते. जास्त पडले तर तू आली. तुम्हा लोकांचं समाधान तरी कशात आहे?" तिथून प्राचार्यांकडे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "तुझ्या एकटीपायी सगळ्या वर्गाचे रिझल्ट अडकवायचे आहेत का बेटा?" झाला निर्भयपणा! घरी आली तर आमचे चिरंजीव माझ्यावरच घसरले, "बाबा, तुम्ही काहून तिच्या डोक्यात भरवता? लक्ष्मी आली अन् ही चालली तोंड धुवायला!"

तिला इंजिनिअरिंगला जायचे असते तर मीही गप्प बसलो असतो, तिथे सीईटी आहे. पण तिला बीएस्सीच करायचे आहे, तेही केमिस्ट्री घेऊन, आणि तिथली यादी बारावीच्या टक्क्यांवर लागते. परवा जेवताना म्हणाली, "आबाजी, यादीत माझ्या खालच्या मुलीनं खरंच टायट्रेशन केलं असेल तर?" याचे उत्तर मला देता आले नाही. तुमच्या लेखातही ते शोधले, सापडले नाही.

बोर्डाकडे गुणपडताळणी आहे, छायाप्रत आहे, पुनर्मूल्यांकन आहे. सगळी धडपड लेखी पेपरातला अर्धा-एक गुण वाढावा यासाठी. प्रॅक्टिकलचे गुण कॉलेजातून एकदा गेले की गेले. लेखीला 38 आणि प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी, ही तफावत विभागीय मंडळात कोणाच्याच डोळ्यांत खुपत नसेल काय? 2021 मध्ये बारावीची परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल 99.63 टक्के लागला, तेव्हा निदान कोरोनाचे कारण होते, लॅबना कुलूप होते. आता लॅब उघड्या आहेत, फक्त कपाटे बंद आहेत. नैतिक पेच मात्र सतरा वर्षांच्या पोरीने सोडवायचा आणि परीक्षक, प्राचार्य, मंडळ यांना त्या लेखात एक ओळही नाही! वा रे न्याय!

आणखी एक. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एका क्लासची रंगीत जाहिरात होती, पोरांचे फोटो आणि पर्सेंटाइलसकट. 'कॉलेजला जाण्याची गरज नाही, इंटिग्रेटेड बॅच' असे त्यात ठळक अक्षरांत छापले आहे. कॉलेजला न जाणाऱ्या पोरांचे प्रॅक्टिकल कोण घेते, कुठे घेते आणि त्यांना किती गुण पडतात, हे एकदा तुमच्या वार्ताहराला पाठवून विचारून घ्या. जाहिरात बंद करा असे म्हणत नाही, तुमचेही पोट आहे. पण वर प्रामाणिकपणाचे प्रवचन आणि खाली हे, निदान वेगवेगळ्या पानांवर तरी छापत जा.

— एक निवृत्त लॅब सहायक, नंदनवन, नागपूर

ता. क. : पत्र छापल्यास नाव देऊ नये. नातीची टीसी अजून कॉलेजातच आहे.