बिबड्यांचा हंगाम मार्चात, निधीचा हप्ता जुलैत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एका फाउंडेशननं महिलांच्या गृहउद्योगांना निधी दिल्याची बातमी होती. सोबत मोठ्या धनादेशाचा फोटो होता. फोटोतल्या सगळ्या बहिणींचं मनापासून अभिनंदन. काही वर्षांपूर्वी असाच फोटो आमच्या गटाचाही छापून आला होता. फोटोनंतरची तीन वर्षं कशी जातात, हे निधी देणाऱ्यांनी ऐकावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात बचतगटाची अध्यक्ष आहे. आम्ही बावीस जणी मिळून बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला करून विकतो. यातल्या निम्म्याहून अधिक जणी भूमिहीन आहेत. कापूस वेचणी आणि निंदणी संपली की त्यांच्या हाताला दुसरं काम नसतं. त्यामुळे आमचा धंदा हा फावल्या वेळाचा छंद नाही, हे आधीच सांगते.

बिबडे ज्यांनी फक्त तळून खाल्लेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. बिबडे दादरचे, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीचे, चांगले होतात. दादर काळ्या जमिनीत ओलीवर येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर पडते. ती तेव्हाच घ्यावी लागते. तेव्हा शेतकऱ्याकडून थेट मिळते, दाणा पाहून घेता येतो, भावही बरा असतो. मग ती भिजवायची, भरडायची, पहाटे अंधारात मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. घाटा गरम आहे तोवर थापायचं आणि ऊन चढायच्या आत खाटांवर घालायचं. होळीपासून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) थोडं पुढेपर्यंत हे चालतं. वळवाचा एक पाऊस आला तर त्या दिवशीचा सगळा माल जातो. मिरची, लसूण, तीळ, उडीद यांची खरेदीही याच दिवसांत होते. विक्री मात्र पुढे वर्षभर. आमचं मोठं गिऱ्हाईक सुरतेला आहे. उधना, लिंबायत भागात आपली खान्देशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्यासाठी ताप्ती लाईनच्या गाडीनं माल जातो. तिथले दुकानदार माल ठेवून घेतात आणि पैसे दिवाळीनंतर देतात. मार्चात घातलेला पैसा आमच्या हाती नोव्हेंबरात येतो.

आम्हाला निधी मंजूर झाला तो तीन वर्षांसाठी. करार एप्रिलमध्ये झाला, पहिला हप्ता जुलैत आला. जुलैत आमच्या खाटा घरात असतात आणि बाया कपाशीत निंदायला गेलेल्या असतात. तो पैसा ३१ मार्चच्या आत खर्चून विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यायचं होतं. कच्चा माल खर्चाच्या कुठल्याच शीर्षात बसत नव्हता. बसत होतं ते यंत्र आणि प्रशिक्षण. म्हणून पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) आला, पाकिटं बंद करायचं मशिन आलं, पुण्याहून प्रशिक्षक आले, त्यांचा प्रवास, हॉल, चहा-नाश्ता हेही सगळं नियमानं झालं. यंत्रांचा आम्हाला उपयोग होतो, ती आजही चालतात. पण दादर घ्यायला मार्चात हातात रुपया नव्हता, तेव्हा ती यंत्रं झाकून ठेवावी लागली. आमच्यातली सगळ्यात वयस्कर माय रोज विचारायची, "आक्का, पैसा कव्हय येतीन?" तिला मी काय सांगणार?

शेवटी जळगावच्या एका व्यापारी कुटुंबाच्या लहानशा ट्रस्टनं आम्हाला वाट दाखवली. त्यांनी देणगी दिली नाही. होळीच्या आधी बिनव्याजी रक्कम दिली आणि दिवाळीनंतर परत करा म्हणाले. फॉर्म एका पानाचा होता, तोही मराठीत. ट्रस्टचे एक वयस्कर सभासद एसटीनं गावात आले, खाटांवरचे बिबडे पाहिले, वही पाहिली आणि किती क्विंटल दादर लागते ते विचारून गेले. ती रक्कम आम्ही पूर्ण परत केली. पुढच्या वर्षी तोच पैसा त्यांनी पुन्हा आम्हाला दिला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या शेजारच्या गावातल्या गटालाही दिला. मोठ्या फाउंडेशनच्या निधीच्या मानानं ही रक्कम अगदी लहान होती. तरी आमचा धंदा उभा राहिला तो तिच्यावर, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. ज्या धंद्यातून पैसा फिरून येतो त्याला वेळेवर दिलेला, परत घ्यायचा पैसा लागतो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हांनी बायांची बँक उभी केली, ती बायांच्या बचतीच्या आणि कर्जाच्या गरजेतून. आपल्या खान्देशात धर्मादाय पैशातून असे फिरते निधी का उभे राहू नयेत?

आता दुसरी गोष्ट, जी मला पैशाहूनही जास्त लागते.

फाउंडेशनच्या कागदावर 'सामुदायिक नेतृत्व' हा शब्द पानोपानी असतो. आमच्या गावात ते नेतृत्व म्हणजे काय? बँकेत कर्जाच्या फाईलसाठी जाऊन बसणं. अन्न परवान्याचं नूतनीकरण. ग्रामसंघाची बैठक, पंचायत समितीची बैठक, प्रदर्शनात स्टॉल. सुरतेच्या दुकानदाराला उधारीसाठी फोन. दोन जणींचं वाजलं तर त्यांच्या घरी जाऊन रात्री समजूत काढणं. यातल्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते. निधीच्या अंदाजपत्रकात या वेळेसमोर शून्य लिहिलेलं होतं आणि शेजारच्या रकान्यात 'लोकसहभाग'. माझ्या घरी थोडी शेती आहे, मुलं मोठी आहेत, मी ओढून नेते. पण ज्या बाईचं घर रोजच्या मजुरीवर चालतं ती अशानं पुढारी कधी होणार? फुकट राबायचीच अट ठेवली तर नेतृत्व त्याच त्या सुखवस्तू घरांतून येत राहील.

आमच्याकडे हिशेब लिहायला गावातलीच एक मुलगी होती. अमळनेरला बी. कॉम. झालेली, आईही आमच्याच गटात. संगणकावर खाती, स्टॉक, सुरतेची उधारी, सगळं तिच्या बोटांवर. फाउंडेशननं तिला दोनदा नेतृत्व विकासाच्या शिबिराला नेलं, तिथं तिचं कौतुक झालं, प्रमाणपत्र मिळालं. तिला दरमहा काही पगार द्या, अशी विनंती आम्ही लेखी केली. उत्तर आलं की पगार हा प्रशासकीय खर्च आहे आणि नियमानं पाच टक्क्यांच्या वर जाता येत नाही. ती आता नाशिकला एका कंपनीत नोकरी करते. तिनं योग्य केलं, तिला घर चालवायचं आहे. पण गावासाठी तयार झालेली एक माणूस गावाला राखता आली नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

तो पाच टक्क्यांचा नियम मी नंतर आमच्या लेखापरीक्षकांकडून समजून घेतला. वाचकांपैकी जे अशा संस्था चालवतात त्यांनी तो जरूर पाहावा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, यालाच सीएसआर म्हणतात. त्यात प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती मर्यादा कंपनीनं स्वतःच्या कार्यालयात सीएसआरचा कारभार पाहण्यासाठी केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट होणारा खर्च त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. गावात हिशेब लिहिणाऱ्या मुलीचा पगार हा प्रकल्प राबवण्याचाच खर्च आहे. तसंच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलेल्या कामाचा उरलेला पैसा कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतो. म्हणजे ३१ मार्चची घाई कायद्यानं प्रत्येक वेळी लादलेली नाही, सवयीनंही होते. परदेशी पैशाचा कायदा वेगळा आहे. तिथं २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेनं लहान संस्थेला तो पैसा पुढे देणंही बंद झालं. त्याचा फटका आमच्यासारख्या गावपातळीवरच्या गटांना बसला. पण देशातल्या कंपन्यांच्या पैशाला ही अडचण नाही.

माणसाला पैसा देणं ही काही नवी कल्पनाही नाही. शिबिरात आम्हाला 'अशोका' या संस्थेबद्दल सांगितलं होतं. बिल ड्रेटन यांनी १९८० साली ती सुरू केली. समाजासाठी नवं काम करणारी व्यक्ती शोधायची आणि तिला काही वर्षं घर चालेल इतका पैसा द्यायचा, म्हणजे ती पूर्ण वेळ कामात राहील, ही त्यांची रीत. त्यांनी अशा निवडलेल्या अगदी पहिल्या व्यक्तींपैकी (फेलोंपैकी) ग्लोरिया डिसूझा मुंबईच्या शिक्षिका होत्या. हे ऐकताना मला आमच्या अमळनेरची आठवण झाली. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. माणसानं निश्चिंतपणे अभ्यास करावा म्हणून शेठजींनी पैसा लावला. साने गुरुजी अमळनेरला आले ते तिथं अभ्यास करायला, आणि मग १९२४ पासून प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले. त्या एका माणसानं खान्देशाला पुढे काय दिलं हे मी सांगायला नको. आज आमच्या तालुक्यातल्या वीस-पंचवीस वर्षांच्या मुलींवर असा विश्वास कोण टाकेल?

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. ज्या विप्रोच्या संपत्तीवर देशातलं सगळ्यात मोठं फाउंडेशन उभं आहे, ती कंपनी १९४५ साली अमळनेरलाच तेल आणि वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. अझीम प्रेमजींनी २०१९ पर्यंत समाजकार्यासाठी दिलेल्या संपत्तीची किंमत सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये सांगितली गेली. आमच्याच मातीतून निघालेल्या या दातृत्वाचा मला अभिमान आहे. जळगावचे सराफ, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी, धुळ्याचे कारखानदार यांच्याकडेही देण्याची वृत्ती आहे. आम्ही ती अनुभवली आहे.

देणाऱ्यांना एवढंच कळकळीनं सांगायचं आहे, की तीन वर्षांत माणूस उभा राहत नाही. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. चैत्राम पवारांनी आणि गावकऱ्यांनी चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखलं, वनभाज्यांचा महोत्सव सुरू केला, २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. तिसऱ्या वर्षी कुणी 'प्रकल्प समाप्ती अहवाल' मागितला असता तर दाखवायला काय होतं? कोवळी रोपं आणि गावानं स्वतःवर घालून घेतलेले कुऱ्हाडबंदीचे नियम.

आणखी एक, अर्जाबद्दल. बहुतेक अर्ज संगणकावर आणि इंग्रजीत भरायचे असतात. मग ज्या संस्थेकडे इंग्रजी लिहिणारा माणूस आहे तिला निधी मिळतो, आणि धडगाव-अक्कलकुव्यात आमचूर, मोहफुलं गोळा करून विकणाऱ्या बायांचा गट कितीही मजबूत असला तरी यादीत येत नाही. नंदुरबार हा तर २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत आहे. अर्ज मराठीत घ्या. बोलून सांगितलेला अर्जही घ्या, कुणीतरी लिहून घेईल. निवड समितीत गावातली दोन माणसं बसवा. कुठला गट खरा आणि कुठला कागदावरचा, हे आम्हाला बाजाराच्या दिवशी कळतं.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. कायद्यात कंपनीनं आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. त्यामुळे कंपन्या जिथं जास्त, त्या मुंबई-पुण्याकडे पैशाचा ओढा साहजिकच राहतो. कुठल्या कंपनीनं कुठल्या जिल्ह्यात किती खर्च केला, याची माहिती केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर सर्वांसाठी खुली असते. ती आपण दरवर्षी जळगाव, धुळे आणि नंदुरबारपुरती वेगळी काढून छापावी. त्यात यंत्र-इमारतींवर किती गेले आणि गावात काम करणाऱ्या माणसांच्या मानधनावर किती, हे आपल्या वार्ताहरांनी कंपन्यांना विचारावं. धनादेशाच्या फोटोला जेवढी जागा मिळते तेवढी या तक्त्यालाही मिळावी. आणि ज्या फाउंडेशनना यंदा आमच्यासारख्या गटांना निधी द्यायचा आहे त्यांनी निर्णय डिसेंबरात घ्यावा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रक्कम खात्यावर आली, तर दादर खळ्यावरूनच उचलता येईल.

कळावे,
आपली,
एक बचतगट अध्यक्ष,
ता. अमळनेर, जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)